वसई किल्ल्यातली धर्मार्थ शाळा : 1549 ते 1739

वसईच्या किल्ल्यात पडक्या चर्चची एक रांगच आहे. सेंट जोसेफचे प्रधान चर्च, फ्रान्सिस्कनांचे सेंट अँथनी, डॉमिनिकनांचे सेंट गोन्सालो, ऑगस्टिनियनांचे चर्च आणि या सगळ्यांत दर्शनी भिंत सर्वांत चांगली टिकलेले येशूसंघाचे, म्हणजे जेज्विटांचे चर्च. पाहणाऱ्याची नजर साहजिकच त्या उंच दर्शनी भिंतीवर, तिच्या खांबांवर आणि दारावर कोरलेल्या येशूनामाच्या चिन्हावर खिळते. चर्चला लागून जो चौक आणि ज्या ओवऱ्यांच्या भिंती आहेत, त्यांच्याकडे मात्र फार थोडे वळतात. ते ‘कोलेजिओ’ होते. जेज्विटांचा मठ तिथे होता आणि मुलांची शाळाही तिथेच होती. ही शाळा सुमारे एकशे नव्वद वर्षे चालली. महाराष्ट्रात आज शंभरी साजरी करणारी शाळा भाग्यवान समजली जाते, हे ध्यानात घेतले तर हा काळ लहान नाही. तरीही ती 1739 मध्ये संपली, आणि अशी संपली की तिचा धागा धरून पुढे दुसरी शाळा निघाली नाही. सिंधुदुर्गातल्या कसालसारख्या गावातल्या शाळेच्या स्मरणिकेत वसईच्या मोडलेल्या शाळेचा इतिहास द्यावा, याचे कारण हेच. स्मरणिका काढताना आपण संस्था किती वर्षे टिकली ते मोजतो. ती कशावर टिकली, याचा हिशेब क्वचितच मांडतो. माझे म्हणणे असे की वसईची शाळा तोफांनी पडली नाही. तिचा पैसा, तिची भाषा आणि तिचा दरवाजा ही तिन्ही एकाच राज्यसत्तेच्या हातात होती, म्हणून ती सत्ता उठल्याबरोबर शाळाही उठली.

आधी घटनाक्रम. 23 डिसेंबर 1534 रोजी गुजरातचा सुलतान बहादूरशाह याने तह करून वसई आणि तिच्या ताब्यातला मुलूख पोर्तुगीजांना दिला. मोगल बादशाह हुमायूनची धास्ती त्याला होती आणि समुद्रावर पोर्तुगीज प्रबळ होते. दोन संकटांतले एक त्याने जवळ केले. दोन वर्षांत आतला बालेकिल्ला उभा राहिला आणि पुढच्या काही दशकांत त्याच्याभोवती तटबंदीचे अख्खे शहर वसले. राज्याबरोबर धर्मसंघ आले. प्रथम फ्रान्सिस्कन, आणि त्यांत अंतोनियो द पोर्तो हा फार खटपटी साधू. वसईत त्याने मठ उभा केलाच, शिवाय साष्टीत, आजच्या बोरिवलीजवळ, मंडपेश्वरच्या लेण्यावर चर्च आणि अनाथ मुलांसाठी विद्यालय काढले. 1540च्या दशकात फ्रान्सिस झेवियर वसईला येऊन गेला आणि त्या दशकाच्या अखेरीस मेल्कियोर गोन्साल्विस या जेज्विट पाद्र्याने किल्ल्यात आपल्या संघाचे काम सुरू केले. 1549 हे त्या शाळेचे आरंभवर्ष धरतात. आज दिसते ती चर्चची भव्य इमारत बरीच नंतरची. शाळा आधी आली, दगडी वैभव मागून आले, ही गोष्ट ध्यानात ठेवण्यासारखी आहे.

शाळेत शिकवत काय? पोर्तुगीज वाचायला-लिहायला, धर्मशिक्षण, प्रार्थनेतले गायन, आणि पुढे जाणाऱ्यांना लॅटिन. मुले कुणाची? पोर्तुगीज शिपायांची आणि व्यापाऱ्यांची, त्यांच्या देशी बायकांपासून झालेली, नव्याने ख्रिस्ती झालेल्या घरांतली आणि ज्यांना कुणी नव्हते अशी. फी नव्हती. जेज्विटांच्या त्या काळच्या सर्वच शाळांचा तसा नियम होता. शिक्षणाचे पैसे विद्यार्थ्याकडून घ्यायचे नाहीत, ते देणगीतून आणि उत्पन्नातून उभे करायचे. ‘धर्मार्थ’ हा शब्द मी या अर्थाने वापरतो. या शाळेचा जगाला ठाऊक झालेला विद्यार्थी एकच, गोन्सालो गार्सिया. बाप पोर्तुगीज शिपाई, आई वसईचीच. सोळाव्या शतकाच्या मध्याला तो जन्मला, या चौकात शिकला, आणि कोवळ्या वयातच जेज्विटांबरोबर जपानला गेला. तिथली भाषा त्याने इतकी आत्मसात केली की धर्मप्रसारकांना त्याच्यावाचून पाऊल टाकता येईना. तरी ज्या संघाने त्याला वाढवले, त्या संघात त्याला प्रवेश मिळाला नाही. काही काळ व्यापार करून तो मनिलाला गेला आणि तिथे फ्रान्सिस्कनांत सेवक-बंधू झाला. 1593 मध्ये दुभाषी म्हणून तो पुन्हा जपानला गेला आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकी येथे क्रुसावर मारला गेला. 1862 मध्ये पोपने त्याला संतपद दिले. जेज्विटांचे ते चर्च आज त्याच्याच नावाने ओळखले जाते. वसईच्या शाळेची थोरवी आणि तिची मर्यादा या एका आयुष्यात शेजारी शेजारी दिसतात. शिपायाच्या आणि देशी आईच्या मुलाला तिने जगाच्या टोकापर्यंत जाण्याइतकी विद्या दिली, पण विद्या देणाऱ्यांच्या पंगतीत त्याला पाट मांडला नाही.

आता पैशाकडे वळू, कारण माझ्या म्हणण्याचा सगळा भार इथे आहे. या चर्चच्या जमिनीत पोर्तुगीज लेख कोरलेल्या थडग्यांच्या शिळा आहेत. त्यांतली एक इसाबेल द आगियार या विधवेची. या विद्यालयाची ती थोर आश्रयदाती होती आणि जानेवारी 1591 मध्ये वारली, एवढाच तिचा मजकूर. दुसरी फिलिपा द फोन्सेका हिची. तीही विधवा. तिने हयातीतच आपले होते नव्हते ते सगळे या चर्चला दिले, असे शिळा सांगते. मृत्यू जुलै 1628. तटबंदीच्या शहरात कप्तान होते, सरदार होते, गोदामे भरलेले व्यापारी होते. तरी या जागी दाते म्हणून दोन बायका दगडावर राहिल्या, आणि दोघींच्या नावापुढे नवऱ्याच्या पराक्रमाची एक ओळही नाही. बंदराच्या शहरात बाईचा नवरा समुद्रावर किंवा लढाईत जाई, मागे राहिलेल्या बाईच्या हाती घर आणि थोडे द्रव्य राही, आणि ते ती आपल्या हयातीत कशाला लावते, यावरून तिच्या मनाची ओळख पटे. फिलिपा द फोन्सेका वारली ती वसईवरच्या एका मोठ्या वादळानंतर दहा वर्षांनी. मे 1618 मध्ये वसईवर आणि साष्टीवर भयंकर वादळ कोसळले होते आणि चर्च-मठांची छपरे उडाली होती. तिची देणगी त्या पडझडीच्या काळात आली असेल, तर तिची किंमत कोकणात वेगळी समजावून सांगायला नको. एका वादळात कौले गेली की शाळा किती मागे जाते, हे इथल्या प्रत्येक संस्थाचालकाला ठाऊक आहे.

पण शाळा या विधवांच्या पैशावर चालत नव्हती. देणगी हा वरचा पैसा होता. बुडखा होता सरकारी उत्पन्न. पोर्तुगालच्या राजाने धर्मसंघांना नेमणुका बांधून दिल्या होत्या आणि त्यांतला बराच भाग देशी धर्मस्थळांच्या वतनांतून वळवलेला होता. गोव्यात 1541 मध्ये देवळांच्या जमिनींचे उत्पन्न नव्या ख्रिस्ती विद्यालयाकडे लावले गेले, आणि मंडपेश्वरची कथा तीच आहे. लेण्यातले जोगी गेले आणि लेण्याचे उत्पन्न विद्यालयाला गेले. पुढे जेज्विटांकडे साष्टीत गावेच्या गावे आली. 1695 मध्ये इटालियन प्रवासी जेमेली कारेरी वसईला आला, तेव्हा रोगाच्या साथीने शहराचा मोठा भाग ओस पडलेला त्याने पाहिला. त्याच काळात जेज्विटांच्या जमिनींचा थाट मात्र मोठा होता. गाव रोडावत होते आणि संस्था गब्बर होत होती. शाळेच्या दृष्टीने हे वरवर सुदैव, पण खरे पाहता धोक्याची खूण. ज्या गावासाठी शाळा आहे त्या गावाचे बरेवाईट तिच्या जमाखर्चात उमटेनासे झाले की संस्थेची मुळे जमिनीवरून सुटू लागतात. पोर्तुगीज इतिहासकार बोकारोने 1630च्या दशकात नोंदवले त्याप्रमाणे तटाच्या आत सुमारे 400 पोर्तुगीज कुटुंबे आणि 200 देशी ख्रिस्ती कुटुंबे होती. शाळेचे कुंपण एवढेच. तटाबाहेरच्या वाड्या, आगर, कोळीवाडे यांची वस्ती याहून कितीतरी मोठी होती; तिथे धर्मशिक्षण पोहोचले, पण लिहिण्या-वाचण्याचा दरवाजा तटाच्या आतच राहिला.

इथे पहिला आक्षेप येणार आणि तो यायलाच हवा. ज्या शाळेचा हेतू धर्मांतर, जिचे उत्पन्न देवळांच्या आणि मशिदींच्या तोंडचा घास काढून आलेले, तिला ‘धर्मार्थ’ म्हणून गौरवायचे कशाला? आक्षेपातली वस्तुस्थिती खरी आहे आणि ती लपवून लिहिलेला इतिहास खोटा ठरेल. सोळाव्या शतकातली पोर्तुगीज सत्ता परधर्माशी जुलमाने वागली. त्या जुलमाचा पैसा या शाळेत आला. म्हणून मी शाळेचा गौरव करत नाही, तिची तपासणी करतो. आणि तपासणीत हेही दिसते की या पापाची शिक्षा शाळेलाच झाली. दुसऱ्याच्या वतनावर उभ्या राहिलेल्या शाळेसाठी, वतनाचा धनी बदलला तेव्हा, शेजाऱ्यांपैकी कुणाला कळवळा येणार होता? मात्र वर्गात बसलेले अनाथ पोर या हिशेबात दोषी धरता येत नाही. त्याला मिळालेले अन्न आणि अक्षर त्याच्यापुरते खरेच होते. इसाबेल आणि फिलिपा या दोघींचे दानही खरे होते. संस्थेचा हेतू, तिच्या पैशाचा उगम आणि तिच्या हातून घडलेले काम या तीन गोष्टी वेगवेगळ्या तोलाव्या लागतात. एकीच्या वजनाने दुसरी उडवून लावली की आपण ना न्याय करतो, ना इतिहास लिहितो.

दुसरा आक्षेप उलट बाजूचा आहे. शाळा कशाने संपली हा प्रश्नच कशाला, मराठ्यांनी किल्ला घेतला आणि ती संपली, असे कोणी म्हणेल. 1737 मध्ये ठाणे पडले, आणि 1739 च्या पहिल्या महिन्यांत चिमाजी अप्पांनी वसईला निकराचा वेढा घातला. सुरुंगांनी सान सेबास्तियांव बुरूज उडाला, दोन्ही बाजूंची माणसे फार कामी आली, आणि मे 1739 मध्ये किल्ला शरण आला. पण शरणागतीच्या अटी पाहाव्या. शिबंदीला मानाने बाहेर पडू दिले, शहर सोडून जाणाऱ्यांना चीजवस्तू नेण्याची मुदत दिली, मागे राहणाऱ्या ख्रिस्ती रयतेला धर्म पाळण्याची मोकळीक दिली. चर्चच्या घंटा मात्र विजयाची खूण म्हणून गेल्या. नाशिकला नारोशंकराच्या देवळात, भीमाशंकरला आणि मेणवलीला त्या आजही टांगलेल्या आहेत. भिंती पाडायला कुणी बसले नव्हते. जेज्विट आणि त्यांच्यासह इतर युरोपीय पाद्री निघून गेले, कारण ते राजाच्या नेमणुकीवर होते आणि राजा वसईत उरला नव्हता. मागे राहिले ते देशी पाद्री, गावोगावच्या लहान चर्चमध्ये. त्यांना किल्ल्यातली शाळा चालवता आली नाही. तिच्यासाठी उत्पन्नच उरले नव्हते आणि ज्या वस्तीसाठी ती होती ती वस्ती गोव्याच्या वाटेला लागली होती. भिंती त्यानंतर हळूहळू ढासळल्या. इंग्रजी अंमलात तर किल्ल्याच्या आवारात ऊस लावून साखर काढण्याचे प्रयोग झाले. शाळेच्या दृष्टीने पाहिले तर 1739 हे साल म्हणजे हल्ल्याचे साल कमी आणि पगार थांबल्याचे साल जास्त.

यावर सर्वांत भक्कम आक्षेप राचोलचा. गोव्यात सासष्टी तालुक्यात झुआरीच्या काठी राचोलचा जुना किल्ला आहे. तट बहुतेक गेले, वेस शिल्लक आहे. त्या किल्ल्यात जेज्विटांनी 1610 मध्ये आपले विद्यालय आणले. तेही राजाच्याच पैशाने. 1616 मध्ये तिथल्या छापखान्यात फादर थॉमस स्टीफन्सचे ‘क्रिस्तपुराण’ छापले गेले. ते विद्यालय आजही चालू आहे. मग सत्तेच्या पैशावरची शाळा सत्तेबरोबर मरते, हा सिद्धान्त उरतो कुठे? उत्तर असे की राचोलची सत्ता 1961 पर्यंत टिकली. वसईची 1739 मध्ये गेली. तरीही राचोलवर तसाच प्रसंग आला होताच. 1759 मध्ये पोर्तुगालच्या सरकारने जेज्विटांनाच देशाबाहेर काढले आणि राचोल एका रात्रीत मालकावाचून उरले. पण काही वर्षांतच गोव्याच्या धर्मप्रांताने ते पुन्हा सुरू केले, कारण तोवर गोव्यातल्या घरांना पाद्री व्हायला मुलगा धाडण्यासाठी त्याची गरज होती. म्हणजे संस्था वाचली ती गरज असलेल्या माणसांमुळे. आणि राचोलने एक गोष्ट अशी केली होती जी वसईने त्या मापाने केली नाही: एका इंग्रज पाद्र्याने ओवीबद्ध मराठीत दहा हजारांवर ओव्या लिहून धर्म लोकांच्या भाषेत आणून ठेवला. आपल्या जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला लागून, गोव्याच्या हद्दीतल्या तेरेखोलच्या किल्ल्यात चर्च अजून धड आहे, तेही याच कारणाने. सावंतांकडून 1746 मध्ये घेतलेला तो किल्ला पोर्तुगीजांच्या हाती शेवटपर्यंत राहिला. तिथे भिंत सत्तेमुळे टिकली. शाळा टिकायला सत्तेहून अधिक काही लागते.

याच संदर्भात पुण्याचे उदाहरण घेतल्यावाचून राहवत नाही. पेशव्यांची श्रावणातली दक्षिणा हाही सरकारी पैसाच. 1818 मध्ये राज्य गेले तरी इंग्रजांनी ती रक्कम सगळीच बुडवली नाही आणि तिच्यातून 1821 मध्ये विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा निघाली. डेक्कन कॉलेजचे मूळ तेच. राज्य बदलूनही विद्येची नेमणूक टिकली, कारण नव्या राज्यकर्त्याला गावातल्या विद्वानांची मर्जी राखणे गरजेचे वाटले, आणि ते विद्वान गावातलेच होते. वसईच्या जेज्विट शाळेसाठी पेशव्यांकडे रदबदली करायला असे गावातले कोण होते? ज्यांनी करायची ते तटाबाहेर होते, आणि त्यांना शाळेने आपले म्हटले नव्हते.

तटाबाहेरच्या त्या लोकांचे पुढे काय झाले, हे या इतिहासातले सर्वांत महत्त्वाचे प्रकरण. किल्ल्यातली चर्चे ओस पडली. पापडी, सांडोर, आगाशी, नंदाखाल इथली गावातली चर्चे चालू राहिली. शेतकरी, बागायतदार, कोळी यांनी धर्म ठेवला आणि भाषाही आपलीच ठेवली. वसईच्या ख्रिस्ती घरांत सामवेदी आणि वाडवळी बोली आजही नांदतात. पोर्तुगीज भाषा टिकली ती चौलजवळच्या कोर्लईत, एका लहानशा गावात, घराघरांतल्या बोलीच्या रूपाने. विद्यालयाच्या वैभवाने नव्हे. पुढे याच वसईच्या समाजाने आपल्या गावात आपल्या शाळा काढल्या, मराठी माध्यमात शिकला, ‘सुवार्ता’सारखे मासिक दशकानुदशके चालवले. त्या मासिकाचे माजी संपादक, नंदाखालचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो, जानेवारी 2020 मध्ये उस्मानाबादच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले. किल्ल्यातल्या चौकाने जे एकशे नव्वद वर्षांत साधले नाही, ते गावच्या लोकांनी स्वतःच्या शाळांतून साधले. याला कोणी योगायोग म्हणेल. मला तो योगायोग वाटत नाही. गावाने आपल्या पैशाने आणि आपल्या भाषेत काढलेली शाळा गावाला धरून राहते, याचा तो पुरावा आहे.

सिंधुदुर्गातल्या माध्यमिक शाळांचा जन्म याच दुसऱ्या जातीचा आहे. महामार्गावरचे कसाल असो की मालवणच्या वाटेवरचे एखादे गाव, इथली हायस्कुले बहुधा मुंबईच्या चाकरमान्यांच्या वर्गणीतून, गावकऱ्यांनी दिलेल्या जागेतून आणि घराघरांतून आलेल्या चिऱ्यांतून उभी राहिली. नंतर अनुदान आले आणि ते हवेच होते. शिक्षकाला वेळेवर पगार मिळाल्यावाचून शाळा चालत नाही. पण अनुदान आल्यापासून वर्गणीच्या चोपड्या माळ्यावर गेल्या, आणि आज पटसंख्या घटून शाळा बंद होण्याची बोलणी सुरू झाली की शासनाच्या नावाने बोटे मोडण्यापलीकडे आपल्याला मार्ग सुचत नाही. वसईच्या शाळेचे कागद तिच्या धन्यांबरोबर गोव्याला, लिस्बनला आणि रोमला गेले. गावाकडे उरल्या त्या देणाऱ्यांच्या दोन-चार शिळा. शिकलेल्या मुलांची नावे शिळेवर नाहीत. आपल्या शाळांचे कागद अजून आपल्याच गावात आहेत. ज्यांच्या घरी जुन्या शाळा समितीच्या जमाखर्चाच्या वह्या, वर्गणीच्या पावत्या, पहिल्या वर्गाचे हजेरीपट किंवा मुंबई मंडळाची पत्रे असतील, त्यांनी ती वाळवीच्या तोंडी जाण्याआधी शाळेच्या कार्यालयात आणून द्यावीत, आणि शाळेने त्यांची प्रत काढून मूळ कागद मालकाला सन्मानाने परत करावेत.